एका दमातली आरोळी

६ फेब्रुवारी

चि. टिटवीला आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. नाटकाचा हंगाम संपेपर्यंत आवाज जपायचा, बाहेर कोणाशी अवाक्षर बोलायचं नाही, फोनवर तर नाहीच, असा तुमच्या स्टुडिओचा नवा नियम आहे म्हणतेस. नियम चांगला आहे. तलवार कामापुरती बाहेर काढावी, बाकी म्यानात. मामाला मी म्हटलं, बघ रे, तुझ्या भाचीचा गळा आता स्टुडिओच्या मालकीचा झाला. तो कुणाच्यातरी चष्म्याची काडी सरळ करत बसला. दुकानातलं काम हल्ली घरी आणतो आणि त्यात डोकं खुपसून बसतो.

तर आता पत्र. मी शिकले तिसरीपर्यंत, त्यातही अर्धं वर्ष गोवरात गेलं. उभ्या जन्मात कॉलरी शिवल्या, लिहिलं काय तर गिऱ्हाइकाच्या गळ्याचं माप. पण काल बसले तर सुरूच झालं गं. हात तोंडासारखा चालायला लागला. जुन्या कॉलरीच्या कागदी साच्यांच्या पाठीवर लिहिते आहे, म्हणून कागद असा वाकडा आहे, हसू नकोस.

नाटकाचं सांगते. रविवारी चार वाजता आम्ही चौघी जमतो. मी, वरची, शिवणवाली आणि तळमजल्यावरची नर्सबाई, ती निवृत्त झाली तरी सगळ्यांची नाडी बघत फिरते. मामा त्याच्या फोनला तो आवाज मोठा करायचा डबा जोडून देतो आणि बाहेर निघून जातो. मग आम्ही जिवाचा कान करून ऐकतो. ती तुमची राखटोळी मला फार आवडते. अंगाला राख फासलेली, अनवाणी, हातात हाडाचे भाले. आणि समोर ते परग्रहावरचे, एवढी मोठी यानं घेऊन आलेले. त्यांच्या यंत्रांना लोखंड लांबून कळतं पण हाड कळत नाही, हे ज्याने सुचवलं त्याचं तोंड गोड करायला हवं. शिकलेल्यांची अशी खोड मोडलेली मला बघवत नाही असं नाही, उलट फार बघवते.

एक भांडण मात्र मिटत नाही. ते परग्रहावरचे कोणत्या रंगाचे? कुणी सांगतच नाही. मी पहिल्या दिवसापासून तांबडे धरले. वरची म्हणते जांभळे. शिवणवाली म्हणते त्यांना रंगच नसणार, अस्तरासारखे असणार. तू आतली आहेस, खरं काय ते कळव.

आणि तुझी म्होरकी. एक डोळा गेलेली, गळ्यात शत्रूच्या दातांची माळ. मी सगळ्यांना सांगते, हीच पोरगी स्वतःचा दुधाचा दात पडला तर तासभर भोकाड पसरायची. पहिल्या हंगामात तू फार गोड बोलायचीस, म्होरकी कसली, शाळेतल्या बाई वाटायच्या. पण गेल्या वर्षापासून आवाजाला जी खरखर आली आहे ना, ती काय सांगू. दगडावर विळा घासावा तशी. फोनवरही तुला हेच म्हटलं होतं मी, तेव्हा तू खोकत होतीस आणि काढे घेऊ का विचारत होतीस. पुन्हा सांगते, औषधबिवषध घेऊन घसा साफ करत बसू नकोस. खरखर आहे म्हणून म्होरकी आहे.

जेवत जा. बोलायचं नाही म्हणून तोंड अगदीच बंद ठेवू नकोस.

तुझी आजी


१३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

आजीचं पत्र आलं. सोबत तुला पाठवते, वाच आणि फाडून टाक. तिच्या हाती परत लागू देऊ नकोस.

तू गेल्यावर चार दिवसांनी टाके निघाले. गळ्याला पुढे जे भोक ठेवलं आहे त्यातून श्वास घ्यायची सवय होते आहे. आंघोळ करताना पाणी आत जाईल म्हणून भीती वाटते, तेवढंच. गाठ सगळी निघाली असं डॉक्टर म्हणतात. तुम्ही वेळेवर आला असतात तर आवाज राहिला असता, असंही म्हणाले, पण ते मान खाली घालून. स्वरयंत्र गेलं की कुजबुजही निघत नाही हे मला आधी माहीत नव्हतं. परवा गॅसवर हात भाजला तेव्हा तोंड उघडलं आणि काहीच झालं नाही. फक्त भोकातून हवा गेली.

त्यांनी एक यंत्र दिलं आहे. मानेला टेकवून ओठ हलवायचे, की ते बोलतं. एकदा करून पाहिलं. डब्यात माशी अडकावी तसं. खणात ठेवून दिलं.

ऑपरेशनआधी बोलून ठेवलेल्यांपैकी आता चार भाग उरले आहेत. ते मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत पुरतील. तोवर आजीला कळू देऊ नकोस. नंतरही नको, पण नंतरचं मला सुचत नाही. आई गेल्यापासून तिनेच मला वाढवलं. जिन्यात माझा आवाज आला की मी कितव्या पायरीवर आहे ते ती शिवता शिवता सांगायची. आणि तिने या पत्रात कशाचं कौतुक केलं आहे ते तू वाचशीलच. ती खरखर कशाची होती हे तिला कळलं तर ती पुन्हा उभी राहणार नाही.

तुझी,
टिटवी


१३ फेब्रुवारी

प्रिय आजी,

तुझं वाकडं पत्र मला सरळ पत्रांपेक्षा आवडलं. मी मजेत आहे. नियम पाळते आहे.

परग्रहावरच्यांचा रंग कुणालाच माहीत नाही, लिहिणाऱ्यालाही नाही. तेव्हा तुझे तांबडेच राहू देत. पण ते चालतात कसे ते सांगते. टबात पाणी घ्यायचं, गादीतला जाड फोम त्यात बुडवायचा आणि मुठीने दाबून सोडायचा. झाली त्यांची पावलं. भाल्यांच्या टकरीला वाळक्या फांद्या. आणि मान मुरगळली की जो आवाज येतो, ज्याला तुम्ही चौघी घाबरता, तो कोबीचा गड्डा पिळल्याचा असतो. वरच्यांना सांगू नकोस, त्यांची मजा जाईल.

हंगाम लांबणार आहे असं दिसतं. म्हणजे नियमही लांबेल. तू लिहीत राहा.

तुझी टिटवी


२२ फेब्रुवारी

चि. टिटवीला आशीर्वाद.

तू सांगू नकोस म्हणालीस म्हणून मी फक्त तिघींनाच सांगितलं. शिवणवालीकडे गादीचा तुकडा होताच. मोरीत बादली ठेवून मी दाबला, आणि खरंच गं, तांबडा माणूस मोरीत शिरला. वरची किंचाळली. मामा धावत आला, त्याला वाटलं मी पडले. मी त्याला म्हटलं, तुझी आई लढते आहे, तू जा. पोरगं हसलं नाही. त्याला झालंय काय, तुला काही बोलला का? मधे आठ दिवस चष्म्याच्या काचा आणायला म्हणून गावाला गेला होता, तिथून आल्यापासून असा भिजल्या कापडासारखा आहे. एखादी बाई असेल तर मला सांग. या वयात असली तरी माझी हरकत नाही.

तुझंही काही असेल तर सांग. एवढी एवढीशी पत्रं लिहितेस. पूर्वी फोनवर तू बोलायचीस आणि मी हं हं करायचे, आता उलटं झालंय. माणूस लपवायला लागलं की आखूड लिहितं, हे मला लिहायला लागल्यावर कळलं. मुलगा कोणत्याही जातीचा, कोणत्याही धंद्याचा चालेल, फक्त बडबड्या असावा, घरात मुकेपणा मला सोसत नाही.

रविवारचा भाग काय झाला. म्होरकी गुहेत एकटी अडकते आणि स्वतःशीच बोलते, तिथे आम्ही पाणी प्यायलासुद्धा उठलो नाही. नर्सबाई मात्र मधेच म्हणाली, या पोरीला कुणीतरी घसा दाखवायला सांगा. सगळ्या वर्षांची नोकरी त्या बाईच्या नाकात बसली आहे. मी म्हटलं, तुमच्या हाती दिलं तर तुम्ही अख्खी राखटोळी दवाखान्यात भरती कराल, मग लढायचं कुणी? सगळ्या हसल्या. ती हसली नाही. अहो, नाटक आहे ते, म्हटलं.

आता कामाचं. वरचीच्या भाच्याने कुठूनसं ऐकलंय की म्होरकी या हंगामात मरणार. खरं असेल तर लिहिणाऱ्याला माझं नाव सांग आणि थांबव. त्याला म्हणावं, आमच्याकडे चार बायका आहेत, आठवड्याचे सहा दिवस कुणी आम्हाला काही विचारत नाही. मी काही जास्त मागत नाही टिटवे. तू तिकडे लांब, बोलायची बंदी. रविवारी चार वाजता तुझा आवाज घरात येतो, तेवढाच. म्होरकीला मरू देऊ नकोस.

तुझी आजी


१२ मार्च

प्रिय मामा,

काल माझा शेवटचा भाग झाला. यापुढे त्यांच्याकडे माझं बोललेलं काही नाही.

कंपनीच्या बाई मागच्याच आठवड्यात येऊन गेल्या. चांगल्या आहेत, मी वहीत लिहून होईपर्यंत थांबतात, माझं वाक्य स्वतः पुरं करत नाहीत. त्या म्हणाल्या, दोन वाटा आहेत. एक, म्होरकी पुढच्या भागात मरेल, न बोलता, नुसता धाडकन आवाज. दुसरी, तीन वर्षांचं माझं बोलणं त्यांच्याकडे साठवलेलं आहे, ते यंत्राला शिकवायचं, मग लिहाल ते वाक्य यंत्र माझ्या आवाजात बोलतं. त्याला माझी सही लागते.

मला ती मेलेली चालली असती. खरं तर बरं वाटलं असतं. पण आजीचं ते पत्र समोर होतं. मी सही केली.

यंत्राने बोललेला पुढच्या रविवारचा भाग त्यांनी मला आधी ऐकायला पाठवला. मामा, तो माझाच आवाज आहे. गाठ व्हायच्या आधीचा, मोकळा. जिथे खरखर हवी तिथे तीही आहे, मोजून घातलेली. मी ऐकत बसले आणि ओठ हलवत होते.

आजी ओळखेल. तिच्यापासून हे लपायचं नाही. तिने ओळखलं तर सगळं बाहेर येईल आणि तिची काय अवस्था होईल मला माहीत आहे. तरी रविवारी चार वाजता मी घड्याळाकडे बघत बसेन आणि तिने ओळखावं असंच मला वाटत असेल. यात काय शहाणपण आहे ते तू मला विचारू नकोस.

टिटवी


१९ मार्च

माझ्या वाघिणीला आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद.

काल रात्रभर पत्र डोक्यात लिहीत होते, सकाळी चहाही न घेता बसले आहे.

टिटवे, कालच्यासारखी तू कधी बोलली नाहीस. तीन वर्षं ऐकते आहे, पण कालचा भाग म्हणजे कळस. यानांनी डोंगर वेढलेला, टोळीतले निम्मे पडलेले, आणि म्होरकी कड्यावर चढून आरोळी ठोकते. ती सुरू झाली ती संपेचना. आम्ही एकमेकींची तोंडं बघायला लागलो. शिवणवालीने माझा हात धरला. मामा काल बाहेर गेला नव्हता, तो आतून आला आणि दारातच थांबला. मग वरची म्हणाली परत लावा, मोजू. परत लावलं, भिंतीवरच्या घड्याळावर मोजलं. सत्तावीस सेकंद. एका दमात. कुठे तुटलं नाही, कुठे थरथरलं नाही. कुठून आणतेस गं एवढा दम? पूर्वी तू मोठ्या वाक्यात मधेच श्वास घ्यायचीस, मला कळायचा तो, सुईतून दोरा ओढावा तसा. काल एकदाही नाही.

नर्सबाई म्हणालीच, एवढा श्वास माणसाच्या छातीत मावत नाही. मी म्हटलं, तुमच्या छातीत मावत नसेल. फार झालं तिचं. माझ्या नातीचं चांगलं झालं की हिचं काहीतरी दुखतं.

म्हणजे स्टुडिओचा नियम लागू पडला म्हणायचा. गप्प राहून गळा पिकला तुझा. मला तर वाटतं आतापर्यंत तू अर्ध्याच आवाजाने बोलत होतीस आणि हा तुझा खरा. मामाला म्हटलं, ऐकलंस का, ही आपली खरी टिटवी. तो पायात चपला न घालताच खाली गेला.

मी तेवढी आरोळी वेगळी काढून घेतली आहे, वरचीच्या भाच्याकडून. दूधवाल्याला ऐकवली. डाकवाल्याला ऐकवली, म्हटलं, ज्या मुलीची पत्रं आणतोस ती ही. सकाळी उठल्याबरोबर एकदा लावते. कोणी काही म्हणो.

तुझी फार फार खूश आजी


२६ मार्च

आजी,

ती आरोळी माझी नाही. त्या दिवशीचं एकही वाक्य माझं नाही. ते यंत्र बोललं.

जानेवारीत माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ होती. गाठीबरोबर आवाज काढून टाकावा लागला. मी आता बोलू शकत नाही, आज नाही आणि पुढेही नाही. मामा काचा आणायला गेला नव्हता, माझ्याजवळ होता. त्याच्यावर रागावू नकोस, मीच त्याला शपथ घातली होती. स्टुडिओचा असा काही नियम नाही.

हे मी तुला कधीच कळवणार नव्हते. तुझ्यासाठीच यंत्राला आवाज दिला, म्हणजे रविवारी तुझ्याकडे काही कमी पडू नये. पण तुझं पत्र वाचलं आणि मला ते जमलं नाही. तू लिहिलंस की हा माझा खरा आवाज.

त्या आरोळीत श्वास नाही, कारण त्याला छाती नाही. तुला तो श्वास ऐकू यायचा हे मला ठाऊक नव्हतं. तू आधी कधी सांगितलं नाहीस.

मला राग आलेला नाही. फक्त आता पत्र लिहवत नाही.

टिटवी


११ एप्रिल

टिटवे,

तू दवाखान्यात तपासणीला गेली आहेस आणि मी तुझ्याच टेबलावर तुझ्याच कागदावर लिहिते आहे. एका घरात राहून पत्र लिहायचं म्हणजे वेडेपणा आहे. पण मला तुझ्याकडे येऊन तीन दिवस झाले आणि मी, जी भिंतीशीही बोलते, ती तुझ्यासमोर चार शब्द बोलले नाही. तुला वाटत असेल म्हातारी खचली. तसं नाही. तुझ्यासमोर बोलायची लाज वाटते. उपाशी माणसासमोर बसून जेवावं तसं वाटतं.

तुझ्या पत्रात खरखरीबद्दल एक अक्षर नव्हतं. मामानेही काही सांगितलं नाही. मी स्वतःच खाली गेले आणि नर्सबाईला विचारलं, एखाद्याच्या आवाजाला वर्षभर खरखर असेल तर ती कशाची असते. तिने मला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं. तुमचा दोष नाही म्हणाली. तिने दोष दिला असता तर मी भांडले असते, मला तेवढं येतं. आता काय करू ते कळत नाही. औषध घेऊ नकोस, हे मी तुला सांगितलं. एकदा नाही. माफी कशी लिहितात ते मला येत नाही, गळ्याचं माप लिहायला येतं.

तुझं पत्र आल्यावरच्या रविवारी तिघी आल्या. मी सांगितलं, डबा बिघडला. त्या दाराशी जरा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या. वरचीने विचारलं, पोरगी बरी आहे ना. मी दार लावलं.

आता जे सांगायला बसले ते सांगते, नाहीतर तू येशील. काल तू खाली गेलीस तेव्हा मी तो भाग लावला. मला वाटलं, आता मला माहीत आहे ते यंत्र आहे, आता मला किळस येईल. नाही आली. आरोळी आली आणि अंगावर काटा आला, पहिल्यासारखाच. मला आवडली. तू तिथे खाली रस्त्यावर जाताना खिडकीतून दिसत होतीस, मानेला रुमाल बांधलेली, आणि मी ते ऐकत होते.

मग बंद केलं आणि म्हटलं, आपण आपल्या टिटवीचा आवाज आठवू. म्होरकीचा नाही, तुझा. शाळेतून आलीस की जिन्यातून ओरडायचीस, आजी, आले गं. ते आठवायला बसले. शब्द आठवले, पायरी आठवली, दप्तर कठड्यावर आपटायचं तेही आठवलं. आवाज आला तो यंत्राचा. श्वास न घेता. मी डोळे मिटून पुन्हा केलं, पुन्हा तोच. जुने भाग लावून पाहिले, पण ती म्होरकी आहे, ती मला कधी आजी म्हणाली नाही. टिटवे, एवढी वर्षं तू त्या जिन्यातून हाक मारलीस आणि मी ती कुठे ठेवली ते मला सापडत नाही. महिन्यात गेली. त्या सत्तावीस सेकंदांनी पुसली, आणि ती रोज सकाळी उठून मीच लावत होते.

हे तुला सांगू नये, हे मला कळतं. पण तूही मला खरं सांगितलंस.

खाली फाटक वाजलं. मी हा कागद तुझ्या ताटाखाली ठेवते. वाचलंस तर वाच.

आजी


(त्याच कागदाच्या मागे, पेन्सिलीने)

आजी, मलाही माझा आवाज आठवत नाही. मला वाटलं होतं, तो तुझ्याकडे असेल.